कूलरची घरघर

"सर, तुमी मेल्यावर हे वाद्य कोणाले देसान?"

प्रश्न दामिनीचा नव्हताच. पिंकीनं अन् वर्गातल्या पोरींनी पैज लावली होती, हिंमत असंन तं विचारून दाखव. अकरावीत गेल्यापासून दामिनीच्या अंगात हिंमत नुसती उतू जात होती. तिनं विचारून टाकलं.

खुशालराव सर गुडघ्यांत धरलेलं गांबा थोपटत खदखदून हसले. "विचारणारीले! चाल, सूर लाव आता."

गांबा म्हणजे युरोपातलं जुनं, गजानं वाजवायचं वाद्य. तारा बकरीच्या आतड्याच्या. तशाच तारांची दोन व्हायोलिनं सरांनी दामिनी आणि पिंकीच्या हाती दिली होती. इटलीतल्या एका मठातल्या बाईनं तीनशे वर्षांपूर्वी रचलेलं, कोणी न ऐकलेलं संगीत अमरावतीच्या या दोन पोरींना घेऊन रेकॉर्ड करायचं, एवढाच सरांचा ध्यास.

जागा मिळाली अकोल्यात, जिनिंगच्या दगडी गोदामात. आवाज असा घुमायचा की बस! पण कापूस उठल्याशिवाय गोदाम रिकामं होत नाही, म्हणजे मे महिना. अन् अकोल्याचा मे! खिडकीत कूलर होता, पण रेकॉर्डिंगवाल्या धम्मदीपदादाच्या माइकमध्ये त्याची घरघर यायची. वर त्याच्या ओलीनं तारा बेसूर व्हायच्या. "बंद कर तो," सर म्हणायचे. बटण दामिनीच्या खुर्चीमागेच. दर खेपेला तीच दाबायची, मोठ्या ऐटीत.

शेवटचा तुकडा उरला तेव्हा भर दुपार झाली होती. पिंकीची वेणी निथळत होती.

"सर, थोडा वेळ लावू ना कूलर."

"आता कुठं तारा जागेवर आल्या, पोरी. एवढं होऊ दे."

दामिनीनं सरांकडे पाहिलं. सकाळपासून घामानं भिजलेलं त्यांचं कपाळ आता कोरडं ठणठणीत होतं. तिला वाटलं, चला, सरांना तरी उन्हाची सवय झाली.

तुकड्याच्या मध्यावर गज खाली पडला. मग सर कलंडले. दामिनी धावली, आणि तिनं आधी गांबा सावरलं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, घाम थांबला तेव्हाच उचलून आणायचं होतं. संध्याकाळी सर गेले.

काही दिवसांनी सरांच्या पत्नी, कौशल्याकाकू, ऑटोतून गांबा घेऊन दामिनीच्या घरी आल्या. "तुलेच देतो म्हणे ते. पिंकीनं सांगतलं." पाणीसुद्धा न घेता त्या निघून गेल्या. दामिनीनं खोळ उघडली नाही. खोळ आपली पलंगाच्या कडेला उभी. दामिनी भिंतीकडे तोंड करून झोपायची.

मग धम्मदीपदादाचा फोन आला. "गज पडायच्या आधी कापून घेतो. अर्धा तुकडा, सरांची शेवटची आठवण. लोकं रडतीन, पाह्य."

"मले ऐकव," ती म्हणाली.

त्यानं पाठवलेलं तिनं कानात घालून ऐकलं. घरघर कुठंच नव्हती. तारा अगदी सुरात. आणि त्यांच्या मागं सरांची धाप, आखूड, तुटक, सुरुवातीपासून. ती हातभर अंतरावर बसली होती, तिला ऐकू आली नव्हती. माइकला आली होती.

रात्री जेवताना बाबा ताटाकडे पाहतच बोलले, "ते वाद्य काकूले वापस देऊन ये. तारेले ओल लागू नये म्हून माणूस भाजला तुमी. बारावीचा अभ्यास कर आता."

"हो ना," आई म्हणाली. "खड्ड्यात गेला तो सूर."

दामिनीनं घास खाली ठेवला. "बाबा, तुमी म्हणता ते खरं आहे. आमी भाजला. मी धम्मदीपदादाले सांगतलं, ते रेकॉर्डिंग मिटवून टाक, काहीच बाहेर काढू नको. पण गांबा मी वापस देत नाही, मी ते शिकीन. पुढच्या मेमधी त्याच गोदामात तो तुकडा पुरा वाजवीन. पिंकी हो म्हणे. अन् कूलर चालू राहीन. त्याची घरघर येईन रेकॉर्डिंगमधी. येऊ दे."