नदीकाठचा धूर

चित्र साफ करायचं म्हणजे नक्की काय, हे सासरच्यांना समजावणं मृणालिनीने कधीच सोडून दिलं होतं. काडीला कापूस गुंडाळायचा, औषधात बुडवायचा आणि नखाएवढ्या जागेवर फिरवत बसायचं. काळा झालेला बोळा टाकायचा नाही, बरणीत जपून ठेवायचा. असं महिनोन्महिने. मान आखडते, डोळे चुरचुरतात आणि घरी आल्यावर नवरा विचारतो, "किती झालं?" तेव्हा नुसता तळहात दाखवायचा, म्हणजे एवढंच.

नवऱ्याच्या, ओमकारच्या पाठोपाठ ती रॉटरडॅमला आली, तेव्हा तिच्या पुण्याच्या डिग्रीला इथे कुणी हिंग लावून विचारलं नव्हतं. पुन्हा शिकून, डच भाषेशी झटापट करून म्युझियममध्ये एका वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं. ते पुढे वाढणार की नाही, हे या एका चित्रावर ठरणार होतं.

जुन्या काळच्या एका डच इम्प्रेशनिस्ट चित्रकाराने मास नदीचा काठ रंगवला होता. कारखान्यांची धुराडी, तांबूस पाणी आणि पुलावरून कामाला निघालेली, ठिपक्याठिपक्यांची माणसं. वर मळकट, करडं आकाश. "खाली निळं सापडेल बघ," असं तिची वरिष्ठ आनेके म्हणाली होती. आणि खरंच सापडलं. करड्याखालून कोवळं निळं आकाश उघडत गेलं, तशी मृणालिनीही त्या निळ्याच्या मागे लागली.

त्या सकाळी मान मोकळी करायला म्हणून ती भिंतीपर्यंत मागे सरली आणि कितीतरी दिवसांनी तिने सबंध चित्र पाहिलं. काहीतरी खटकलं. माणसं कामाला निघालीत, आणि एकाही धुराड्यातून धूर नाही.

एवढं कळायला डिग्री लागत नाही. तिचे बाबा कागदाच्या कारखान्यात होते. आई सकाळी खिडकीतून आधी धुराड्याकडे बघायची. धूर नसला की कारखाना बंद; बाबा थोड्याच वेळात परत यायचे, भरलेला डबा तसाच हातात घेऊन. आई काही विचारायची नाही. डबा उघडायची आणि दोन ताटं घ्यायची.

साफ करायचा राहिलेला एक कोपरा तिने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्या करड्या थरात कुंचल्याचे फटकारे दिसत होते. मळाला फटकारे नसतात. चित्रकाराचा धूर तिने पुसून बरणीत भरला होता.

तेवढ्यात आनेके आली. "किती सुंदर निघालं. पोस्टरवर हेच घेऊ."

गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. मृणालिनी इतकी दमली होती की गप्प बसणंच सोपं होतं. पण पुलावरची ती माणसं आता कायमची बंद कारखान्याकडे चालत राहणार होती, आणि ते तिला सोसेना.

"तो मळ नव्हता," ती म्हणाली. "धूर होता. मी पुसला."

आनेके बराच वेळ सूक्ष्मदर्शकात बघत राहिली. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

"निळं सापडेल असं मीच म्हटलं होतं," ती शेवटी म्हणाली. "पण मला हे वर कळवावं लागेल. कॉन्ट्रॅक्टचं आता माझ्या हातात नाही, मृणालिनी. आज तू घरी जा."

ट्रॅममध्ये मांडीवर डबा होता. तिने सकाळी भरलेला, झाकणसुद्धा न उघडलेला.

ओमकार घरूनच काम करत होता. दार वाजलं तसा कानावरचा हेडफोन काढून तो बाहेर आला. त्याने तिच्याकडे पाहिलं, ओट्यावर तिने ठेवलेल्या डब्याकडे पाहिलं, आणि विचारायला उघडलेलं तोंड मिटलं. मग डबा उघडून त्याने फडताळातून दोन ताटं काढली.

आईची ती गोष्ट तिने त्याला कधीच सांगितली नव्हती. तेव्हा कुठे तिला रडू आलं.