इक्बालचा नकार

मी गणिताची बाई. अपवाद मला खपत नाहीत, पोरांचेही नाहीत आणि भाषेचेही नाहीत. तरी एक्क्याण्णव साली, पन्नाशीला टेकलेली मी, भिवंडीत टेमघरच्या दोन खोल्यांत बसून रेडिओवर स्पॅनिश शिकत होते. का, असं शाळेत सगळे विचारायचे. संध्याकाळ जात नव्हती म्हणून, दुसरं काय! धडा रोज लागायचा, पण धड ऐकू यायचा तो शुक्रवारी, आजूबाजूचे कापडाचे लूम बंद असायचे तेव्हा.

शेजारची जुबैदा भाजी निवडायला माझ्याकडे येऊन बसायची. शाळा सुटल्यावर माझ्याशी बोलणारं माणूस ते एवढंच. तिचा नवरा इक्बाल जहाजावर खलाशी. लग्नानंतर दोन वर्षांनी स्पेनच्या कुठल्याशा बंदरात उतरला तो उतरलाच. सासरचे म्हणायचे, "कागदांत अडकलाय बिचारा. यायला तडफडतोय." अडकलेल्या माणसाची बायको म्हणून जुबैदा अकरा वर्षं सासूचे पाय चेपत होती. तिचा महाडचा भाऊ न्यायला आला, की अडकलेल्या नवऱ्याला सोडून निघाली म्हणून सगळे तिलाच बोल लावायचे.

एका शुक्रवारी धड्यात एक क्रियापद निघालं. 'केरेर', म्हणजे इच्छा असणं. प्रेम करण्यालाही तेच. घडून गेलेली गोष्ट सांगताना मात्र त्याचं रूपच पालटतं, 'किसो' होतं, आणि अर्थही. नुसती इच्छा नव्हे, त्यानं करून पाहिलं. आधी 'नो' लावला, की साफ नकार. मी वैतागले.

"कालच्या इच्छेला काही किंमतच नाही का या लोकांत?"

जुबैदा मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बरोबर हाय की, बाई. मनात होतं, मनात होतं म्हणून कोन घरी येतंय?"

मी वहीत लिहून घेतलं: 'नो किसो', त्यानं नकार दिला.

महिन्याभरात इक्बालच्या जहाजावरच्या एकानं तिला तिथला फोन नंबर आणून दिला. तिनं दोनदा लावला. दोन्ही वेळा कुणी बाई बोलली आणि हिला अवाक्षर कळलं नाही.

"तुमी चला," ती मला म्हणाली. "येवढंच विचारा, त्याला यायचं हाय का न्हाय. खरं काय ते मला कलू दे."

माझं स्पॅनिश तोवर कुणा जिवंत माणसानं ऐकलेलं नव्हतं. एसटीडी-आयएसडीच्या बूथमध्ये रिसीव्हर धरला आणि पाठ करून आणलेलं वाक्य म्हटलं. त्या बाईनं मी कोण ते विचारलं. त्याची बायको शेजारी उभी आहे, मी म्हटलं.  मग ती लहान मुलाला समजावावं तशी सावकाश बोलू लागली. कागद केव्हाच झाले होते. तीन वर्षांमागं तिनं स्वतः त्याचं तिकीट काढलं होतं, घरी जा म्हणाली होती. "नो किसो." मला कळलं की नाही अशा शंकेनं पुन्हा म्हणाली, "नो किसो."

जुबैदा माझ्या तोंडाकडे बघत होती. यायचं फार होतं त्याच्या मनात, पण जमलं नाही, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मला खोटं पाडणारं अख्ख्या भिवंडीत कुणी नव्हतं. ती राहिली असती. रोज भाजी घेऊन आली असती. त्या काचेच्या खोक्यात मला हे सगळं लख्ख दिसलं, आणि त्याची लाज वाटली असंही नाही. मला ती हवीच होती.

"तिकीट काढलं होतं त्याचं," मी म्हटलं. "तो नको म्हणाला."

ती रडेल असं मला वाटलं. तिनं नुसती ओढणी सारखी केली.

"परत सांगा."

मी परत सांगितलं.

"भावासमोर सांगाल? काझीसायबांसमोर?"

"सांगेन."

सांगितलंही. तिची सासू मला नाही नाही ते बोलली. मीही ऐकून घेणाऱ्यातली नाही, चांगली सुनावली. पुढं रीतसर निकाह मोडला आणि भाऊ टेम्पो घेऊन आला. महाडला ती कपडे शिवणार होती. शिलाई मशीन चढवून झालं, तरी ती माझे हात धरून उभी होती. अकरा वर्षांत तिचा चेहरा एवढा मोकळा मी पाहिला नव्हता.

"बाई, माझ्यामागं तुमचं कसं व्हायचं?"

"माझं काय? मला एकटीची सवय आहे," मी म्हटलं.

ती हसली आणि टेम्पोत बसली. तिला ते खरं वाटलं.