चालू

फेब्रुवारीत जयवंताबाईच्या गळ्यातली गाठ काढली, आणि गाठीबरोबर आवाजही गेला. तीन महिने तोंडातून नुसती हवा. मग जो आवाज परत आला तो जाडाभरडा, पुरुषी, जात्याच्या घरघरीसारखा. बावीस वर्षं ती जामबागेजवळच्या एका शाळेत गाणं शिकवत होती. शाळेनं तिला शाल पांघरवली आणि नारळ दिला. दोन्ही अर्थांनी.

तेही तिनं गिळलं. पण चर्चमधलं गाणं?

सुलतान बाजारामागच्या गल्लीतलं ते लहानसं चर्च. सगळी उपासना तेलुगूत, मराठी घरं उरली सात. नाताळच्या सकाळी त्या सात घरांसाठी एक मराठी गाणं व्हायचं आणि ते जालन्याहून लग्न होऊन आलेली जयवंताच म्हणायची. तीस वर्षं. यंदा गायनप्रमुख देवसहायमनं तालमीतच सांगून टाकलं, "अम्मा, तुम बस होठां हिलाओ. आवाज पेनड्राइवसे आता."

पेनड्राइवमध्ये तिचाच जुना आवाज होता. म्हणजे मेलेल्या जयवंतापुढे जिवंत जयवंतानं मुकाट तोंड हलवायचं! देवाच्या घरातसुद्धा माईक ज्याच्या हातात त्याचंच राज्य.

तिनं तिथंच गाऊन दाखवायचा प्रयत्न केला. दुसऱ्याच ओळीला आवाज फाटला.

"चालू, अम्मा, चालू," देवसहायम म्हणाला.

तेलुगूत चालू म्हणजे पुरे. जयवंताला ते पक्कं ठाऊक. भाजीवाला जास्त मिरच्या टाकायला लागला की ती स्वतःच रोज म्हणते, चालू.

घरी येऊन करंज्या लाटता लाटता तिनं लाटणं आपटलं. "पेटी काढा हो."

गौतम, तिचा नवरा, दरवर्षी तिच्या साथीला पेटी धरायचा. "नेहमीची काळी पाच?"

"नक्को. काळी एक."

"ती पुरुषांची पट्टी गं."

"मग माझा आवाज काय मैनेचा राहिलाय?"

गौतमनं काळी एक दाबली. जयवंतानं तोंड उघडलं, आणि आवाज फाटला नाही. बसला. खाली, रुंद, मांडी घालून बसला. गौतमचा भाता हलवणारा हात थांबला. "हौ," एवढंच म्हणाला तो.

नाताळच्या सकाळी चर्च गच्च भरलेलं. मराठी गाण्याची वेळ झाली तसा देवसहायम पेनड्राइवकडे वळला, आणि त्यानं बटण दाबण्याआधीच गौतमनं काळी एक धरली.

"गोठ्यात उजाडलं गं बाई, उजाडलं..."

माना वळल्या. बाईच्या तोंडून हा कसला आवाज? मागच्या बाकावर कुणी खुसखुसलं. देवसहायम हात हलवत पुढं आला. "चालू! अम्मा, चालू!"

जयवंता ओळीतच थांबली. पुरे, म्हणतोय. शाळाही पुरे म्हणाली होती. वर्षभर जो भेटला तो पुरेच म्हणाला.

तेवढ्यात पहिल्या बाकावरून सुशीलाबाई ओरडल्या. वय चौऱ्याऐंशी, कानानं अर्ध्या, तेलुगूला पूर्ण बहिऱ्या. "अगं, मास्तर चालू म्हणतोय ना? मग थांबलीस का? चालू ठेव की!"

सात घरं खो खो हसली. जयवंताही हसली, आणि त्या हसण्यानंच गळा मोकळा झाला. गेली उडत ती तेलुगू! आज चालू म्हणजे चालू. "उजाडलं" तिनं असं खालून उचललं की बाकाच्या लाकडात घुमलं. सुशीलाबाईंनी टाळ्यांचा ठेका धरला, मागोमाग सात घरांनी. तिसऱ्या कडव्याला तेलुगू बाकंही "उजाडलं, उजाडलं" करायला लागली. अर्थ कुणाला कळत होता? पण खुसखुसणारेच सगळ्यात मोठ्यानं ओरडत होते. गाणं संपलं, तर लोकांनी पुन्हा म्हणायला लावलं. ती पुन्हा गायली. आणखी खालून, आणखी माजात.

बाहेर अंगणात ती करंज्या वाटत होती. देवसहायम पेनड्राइव खिशात कोंबत आला. "अम्मा, मैं चालू बोला था."

"म्हणून तर चालू ठेवलं, बाबा."

तो करंजी तोंडात टाकून हसला. "तुम बहुत चालू हो, अम्मा!"

"आत्ता कुठं तुला मराठी यायला लागली," जयवंता म्हणाली. तिच्या त्या नव्या, जाड, भरदार आवाजात.