नागोरावाचा कोट

"नानाजी, चष्मा लावा अन् नीट पाहा. यातले माये बाबा कोनते?"

सत्यशीलानं फोटो शिलाई मशिनीवर ठेवला. कळंबच्या जुन्या बँडपार्टीचा. मालकाच्या मुलांनी घरातली अडगळ उपसली, तेव्हा तो रद्दीत निघाला होता. चिंचेच्या झाडाखाली बाराजण वाजवताहेत, पण ओलीनं सगळ्यांचे चेहरे पार पुसून गेलेले. बँडमधलं आता कोणी उरलं नव्हतं. उरले होते ते त्यांचे कोट शिवणारे नानाजी टेलर.

"आठ दिसानं माया रुपालीचं लगन हाय. मांडवात तिच्या आजोबाचा फोटू लावू म्हनलं, तं घरात एकबी नाई. मी सा मयन्याची होतो तवाच गेले ते." तिनं क्लॅरिनेटवाल्यावर बोट ठेवलं. "मले तं हेच वाटून राह्यले."

नानाजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कोट तिच्या बाबाचा, नागोरावाचाच, यात शंकाच नको. फुंकताना मान फुगते म्हणून गळा दोन बोटं सैल शिवून घेणारा दुसरा होता कोण! क्लॅरिनेटही त्याचंच. कोटातला माणूस मात्र वेगळा. त्या दिवशी नागोराव तापानं फणफणला होता. यवतमाळहून फोटोग्राफर येऊन बसलेला आणि मालकाला बाराजण हवे म्हणजे हवेच. मग त्यानं ज्याला दुकानातून ओढत नेऊन उभं केलं, त्याला धड शिट्टीही वाजवता येत नव्हती. ते होते खुद्द नानाजी.

सांगून टाकावं, असं त्यांना फार वाटलं. "पोरी, आईक..."

"असेच उभे राहत का हो ते?" तिनं विचारलं. पंचेचाळिशीची बाई, पण डोळे असे भरून आले की नानाजींचा सगळा धीरच गेला.

"कोट त्याचाच हाय," ते म्हणाले. "म्याच शिवला. क्लॅरिनेटबी त्याचंच. नवा कोट घातला तं आरशात पाहून हसला अन् मंग बाहीत तोंड लपवलं. लय लाजरा गडी. पन तू झाली तवा दिवसभर वाजवलं त्यानं! थांबवाले गेलं का त्यालेच पेढा भरवे."

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

सत्यशीला हसली, मग रडली. पदरानं पुसून तिनं फोटो मशिनीला टेकवून उभा केला आणि हात जोडून त्याच्यापुढे फळीवर माथा टेकवला.

नानाजींनी मशिनीखालचे आपले पाय हळूच मागे ओढून घेतले.