खंडेनवमीच्या पाटावरचा हातमोजा

मित्रांनो, मी एक जुना रबरी हातमोजा आहे. डाव्या हाताचा, नारिंगी, आणि अजिबात लाजरा नाही.

१९९७ साली मी नाशिकला अंबडच्या एका छोट्या कारखान्यात आलो. आलो तो थेट कुलपात गेलो. पाहणीला साहेब आले की मला बाहेर काढायचे आणि ते गेले की पुन्हा कपाटात. "बघा, किती कोरा ठेवलाय," असं माझं कौतुक व्हायचं. चुलीत घाला असलं कौतुक.

कपाटाच्या फटीतून मला सविताताई दिसायची. ती दिवसभर रॉकेलच्या ट्रेमध्ये लोखंडाचे सुटे भाग धुवायची, तेही उघड्या हातांनी. तिच्या बोटांना भेगा पडल्या, कातडी सोलून निघाली. मग तिच्या डब्यातली भाजी कोणी घेईना. कपाटात मी नुसता चरफडायचो.

खंडेनवमी आली. यंत्रांना झेंडूचे हार चढले, पाटावर नटबोल्ट पिळायचे पाने आणि हातोड्या मांडल्या. सविताताईने पेढ्यांचं ताट उचललं, तसे सुपरवायझर भिकाभाऊ म्हणाले, "ठेवा ते. लागण व्हायची. आणि दसऱ्यानंतर घरीच बसा आता."

"हे रॉकेलने झालंय, भाऊ. हातमोजे द्या म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलंय. तीनदा दाखवला तुम्हाला कागद."

शेजारच्या सुमनबाई म्हणाल्या, "लागणारं असतं ना, तर आधी त्या ट्रेला खाज सुटली असती."

सगळे हसले. पूजेसाठी कपाट उघडंच होतं. सविताताईने आम्हा जोडीला काढलं आणि हातोडीशेजारी पाटावर ठेवलं.

"तुमचा पाना, तसं माझं हे हत्यार. लावा कुंकू."

पूजेच्या पाटावरून मला उचलायची भिकाभाऊंची हिंमत होईना. त्यांनी कुंकू लावलं. पुजलेलं हत्यार पुन्हा कुलपात कोण घालणार? सुमनबाईंनी पहिला पेढा उचलला, तोही सविताताईच्या हातून.

दसरा झाला, घरी बसवायची भाषा पुन्हा कोणी काढली नाही, आणि आमची जोडी नि सविताताई असे तिघं कामाला लागलो. मलम आणि मी, दोघांनी मिळून तिच्या भेगा भरून काढल्या. पुढे माझ्या अंगठ्याला भोक पडलं, तेव्हा तिने नवा जोड मागून घेतला. भोकातून रॉकेल आत शिरतं आणि तिथेच कोंडतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आता मी खिळ्याला लटकतोय, कुंकवाचा डाग मिरवत. मित्रांनो, मला जपायचंच असेल तर वापरून जपा. धुवा, उलटा करून वाळवा, फाटलो तर बदला. पण कपाटात कोरा ठेवून माझा सत्कार करू नका. तो मी घेणार नाही.