बाटलीही बरी झाली

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर स्पर्शगुरूंनी एका बाईच्या डोक्यावरून हात काढला आणि गर्जना केली, "आकडा सांगा!"

तिच्या नवऱ्याने एमआरआयचे कागद उंचावले. "आधी चौऱ्याऐंशी, आता त्र्याहत्तर!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. तिसऱ्या रांगेतल्या तंत्रज्ञाने मात्र मान खाली घातली. ते कागद त्याच्याच हातून निघाले होते. मेंदूतली सूज वाढली की हा आकडा चढतो, ओसरली की उतरतो.

"यांचाही पंच्याऐंशीचा चौऱ्याहत्तर झालाय," शेजारी बसलेली त्याची ताई नवऱ्याबद्दल म्हणाली. "गोळ्या सोडून वीस दिवस झाले."

"ताई, भाऊजींना काल चमचा धरवत नव्हता गं!"

"गुरुजी म्हणतात, आजार जाताना हिसका देतो."

मोठी सोय होती! हात थरथरला तरी गुण आला, थांबला तरी गुण आला. ताईला समजावून त्याच्या घशाला कोरड पडली होती. भाऊजी दिवसेंदिवस खचत होते आणि ती आकड्याला चिकटून बसली होती.

पण सगळ्यांचा आकडा बरोबर अकरानेच कसा उतरतो? गुरूंचा नियम त्याला आठवला: पहिली तपासणी त्याच्या केंद्रातल्या खालच्या मजल्यावरच्या जुन्या मशीनवर, स्पर्शानंतरची वरच्या मजल्यावरच्या नव्या, 'दुःखाची छाया न पडलेल्या' मशीनवर. रोज सकाळी मशीनमध्ये सीलबंद जेलीची बाटली ठेवून तिचा आकडा ठरलेला नव्वदच येतो ना, ते ताडून बघायचं असतं. जेली तीच राहते, त्यामुळे आकडा हलला तर दोष मशीनचा. नवं कोरं मशीन काय बिघडणार, म्हणून त्याने बाटली वर कधी नेलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याने ती दोन्हीकडे ठेवून पाहिली आणि संध्याकाळी बाटली घेऊन थेट मंचावर चढला.

"ही खाली नव्वद, वर एकोणऐंशी. हिलाही गुण आला!"

"मूर्खा, बाटलीत श्रद्धा असते का?" गुरू कडाडले.

"म्हणूनच आणली. हिला श्रद्धा नाही, मेंदू नाही, तुमचा हातही लागलेला नाही. तरी अकरा उतरले." मग तो लोकांकडे वळला. "नवं मशीन अकराने कमी दाखवतं. मी तपासलं नाही, ही माझी चूक. यांनी ते हेरलं आणि तुम्हाला विकलं. कुणीही आकडा दाखवला, अगदी मी दाखवला तरी, विचारा: दोन्ही वेळा मशीन तेच होतं का? ते तपासलं होतं का? आणि पाया पडतो, गोळ्या सोडू नका!"

गुरू मागच्या दाराने सटकले. ताई जागची हलली नाही.

सकाळी भाऊजींना जुन्या मशीनमध्ये घेतलं. आकडा आला एक्क्याण्णव. ताई काचेपलीकडे उभी होती.

"आधी बाटली ठेवली होतीस?" तिने विचारलं.

"ठेवली होती. नव्वदच आली."

ती मटकन खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडली. मग पर्सच्या तळातून गोळ्यांची पट्टी काढत म्हणाली, "डॉक्टरांना फोन लाव. वीस दिवस चुकलेत, ते मीच सांगते."