ब्रेंटची हत्यारं

नवऱ्याची किळस यायला त्याने काही मोठं पाप करावं लागत नाही. तो पक्कड कशी पुसतो तेवढं पाहिलं तरी पुरतं.

अमेरिकेतल्या फार्गो शहरात आम्ही घर घेतलं तेव्हा ब्रेंट म्हणाला, "केंड्रा, घरमालक झालो, आता घरात स्वतःची हत्यारं हवीत." मलाही पटलं. हातोडी, पक्कड, दोन-चार स्क्रूड्रायव्हर, मोठा पाना, तुंबलेल्या कमोडसाठी रबरी पंप, एवढ्यात घर चालतं. त्याने पंप सोडून सगळं आणलं. असली घाण वस्तू म्हणे घरात नको. मग तळघराच्या भिंतीवर बोर्ड ठोकला, त्यावर एकेका हत्याराची आकृती रंगवली आणि हत्यारं देव्हाऱ्यात मांडावीत तशी टांगली. मी एकदा फोटो लावायला हातोडी घेतली, तर मी त्याच्या टूथब्रशने कमोड घासल्यासारखं त्याने तोंड केलं. जेवण झालं की साहेब खाली जाऊन ओल्या वाइप्सने एकेक हत्यार पुसत बसायचे.

तळघरातच माझ्या आईची, व्हर्नाची, खोली होती. तिला मी वृद्धाश्रमातून आणलं होतं. तिथे कुणीही दार न वाजवता आत यायचं आणि तिचे कपडे उतरवायचं. "तिथे परत धाडू नकोस," एवढंच तिचं मागणं होतं.

ब्रेंटला ती डोळ्यासमोर नको होती. हिवाळ्यात खालचा कमोड तुंबायला लागला आणि त्याला आयतं कोलीत मिळालं. "तुझी आईच काहीतरी टाकते. या वयात भान राहत नाही. तिथे सांभाळायला माणसं असतात." मागे आईचा चष्मा फ्रिजमध्ये सापडला होता, त्यामुळे तिचा स्वतःवरच भरवसा नव्हता.

रविवारी आम्ही जेवत होतो आणि खालून आईची हाक आली. तळघराच्या फरशीतल्या जाळीतून मैला वर येत होता. मी उरलेल्या पायऱ्या धावत उतरले. आई पाय वर घेऊन पलंगावर बसली होती, सपाता छातीशी धरून.

"मी काही टाकलं नाही गं," ती म्हणाली. "बहुतेक."

सांडपाण्याच्या पाइपाचं झाकण भिंतीशीच होतं. मी बोर्डावरचा मोठा पाना काढला.

"तो नको," ब्रेंट जिन्यावरून म्हणाला. टीशर्ट नाकावर ओढून तो तिथेच उभा होता. "नवा कोरा आहे. उद्या प्लंबर बोलावू."

"आणि आई आज या घाणीत झोपेल?"

"व्हर्नाची बॅग भर. मी आश्रमात विचारून ठेवलंय, जागा आहे."

विचारून ठेवलंय! मला त्या मैल्याची वाटली नाही एवढी शिसारी त्याची वाटली.

मी झाकण फिरवलं. घाण पायांवर आली. कपड्यांचा तारेचा हँगर सरळ करून आत घातला, तो अडकला, मग सरळ हात घातला आणि ओढलं. पिळलेल्या दोरखंडासारखा वाइप्सचा जाड गुंता बाहेर आला. प्रत्येक वाइपला हत्यारांचं काळं तेल लागलेलं होतं. मागोमाग पाणी गडगडत खाली गेलं.

ब्रेंटने गुंत्याकडे पाहिलं. "पाकिटावर लिहिलंय, फ्लश केले तरी चालतात," तो म्हणाला.

मी वळले तर आईने पलंगावरच बॅग उघडली होती आणि ती गाऊनच्या घड्या घालत होती. घड्या नीट घातल्या होत्या.

"आई, ठेव ते. तू नव्हतीस. हा होता."

"नक्की?"

"हे बघ, त्याच्या हत्यारांचं तेल."

तिने वाकून तो गुंता पाहिला. मग हळूच म्हणाली, "पण काल मी त्याची माफी मागितली गं. त्याने केलंसुद्धा माफ."